रफीसाहेबांची कबर आणि नारळाचं झाड : मुंबईच्या उपनगरांतल्या दगडांचे नियम

आजच्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांनी निवांत वाचावं.

विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? कबरीवरचा दगड. तो कोणी लावायचा, केवढा लावायचा, किती वर्षं ठेवायचा, आणि जागा कमी पडली की कोणी काढायचा. पण मुंबईत जागेचा प्रश्न माणूस मेल्यावरही संपत नाही. त्या प्रश्नाचा इतिहास बघायचा तर या दगडापासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

सुरुवात करू सांताक्रूझ-जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानापासून. अंधेरीहून हे काही फार लांब नाही. दरवर्षी २४ डिसेंबरला आणि ३१ जुलैला इथे काही माणसं येतात. पहिली तारीख मोहम्मद रफींच्या जन्माची, दुसरी त्यांच्या जाण्याची. १९८० साली रफीसाहेब गेले, तेव्हा भर पावसात त्यांच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली होती. मराठी माणसाला त्यांची आणखी एक ओळख आहे. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात त्यांनी गायलेली मराठी गाणी आजही घराघरांत वाजतात. तर ही माणसं कब्रस्तानात येतात आणि एक नारळाचं झाड शोधतात. कारण रफींच्या कबरीवर आता दगड नाही. कबरीच्या सगळ्यात जवळचं ते झाड, हीच खूण.

दगड होता. मधुबालाच्या कबरीवर तर संगमरवर होता आणि त्यावर कुराणातल्या आयती कोरलेल्या होत्या. मधुबाला गेली २३ फेब्रुवारी १९६९ ला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. साहिर लुधियानवी गेले ऑक्टोबर १९८० मध्ये, म्हणजे रफींच्या पाठोपाठ तीन महिन्यांत. हे सगळे एकाच कब्रस्तानात. २०१० मध्ये बातमी आली की यांच्या पक्क्या कबरी काढून टाकल्या आहेत, नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून. चाहते खवळले. 'एवढ्या मोठ्या कलाकारांची ही किंमत?' असं अनेकांना वाटलं, आणि तसं वाटणं साहजिकच होतं.

पण आपण इतिहासाचा पॉडकास्ट करतो, तेव्हा जरा थांबून विचारू या : दगड काढणाऱ्यांनी नेमका कोणता नियम मोडला? आणि दगड लावणाऱ्यांकडे तो कायमचा ठेवायचा हक्क होता का?

धर्माचा नियम : खूण चालेल, इमारत नको

आधी धर्माचं बघू. इस्लाममध्ये कबरीबद्दल दोन परंपरा शेजारी शेजारी चालत आल्या आहेत, आणि दोन्ही हदीसमधल्याच आहेत. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातल्या एका हदीसनुसार प्रेषितांनी कबरीला चुन्याचा गिलावा करायला, तिच्यावर बसायला आणि तिच्यावर बांधकाम करायला मनाई केली. दुसरी हदीस 'अबू दाऊद'च्या संग्रहात आहे. उस्मान बिन मझऊन हे प्रेषितांचे सोबती. त्यांना दफन केल्यावर प्रेषितांनी स्वतः एक दगड आणून त्यांच्या डोक्याशी ठेवला. कशासाठी? तर कबर ओळखता यावी आणि घरच्या माणसांना पुढे जवळपास दफन करता यावं.

म्हणजे डोक्याशी दगड ठेवायला हरकत नाही, पण तो ओळखीपुरता. ज्यावर नाव कोरलेलं असतं त्या दगडाला उर्दूत 'कत्बा' म्हणतात. कत्बा ठेवावा का, त्यावर आयती लिहाव्यात का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण एका गोष्टीवर बऱ्याच जणांचं एकमत दिसतं : आतला देह पूर्ण माती झाला की त्या जागी दुसऱ्याला दफन करायला हरकत नाही. पक्की कबर असली की मात्र ते करता येत नाही.

शहराचा नियम : कायद्याचं लक्ष जमिनीवर

आता शहराकडे येऊ. मुंबईत दफनभूमीचा प्रश्न सरकारी पातळीवर ऐरणीवर आला तो एकोणिसाव्या शतकात. वस्ती वाढली, जुन्या दफनभूम्या गावाच्या पोटात आल्या, रोगराईची भीती वाढली. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ मध्ये, शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी सुरू झाली. तेव्हा ते शहराचं टोक होतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत उभारणारे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स आणि गेट वे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट हे दोघंही शिवडीलाच विसावले आहेत.

मग १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आला, जो दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्यात मृतांच्या विल्हेवाटीबद्दल स्वतंत्र कलमं आहेत. त्यांचा रोख बघा. जिथे दफन किंवा दहन होतं त्या जागांची नोंद हवी. नवी जागा आयुक्तांच्या परवानगीशिवाय सुरू करायची नाही. असलेल्या जागा पुरत नसतील, तर नव्या जागांची सोय करणं महापालिकेचं काम. धोकादायक झालेली जागा बंद करता येते. पुरलेला देह मनाला येईल तेव्हा उकरायचा नाही. म्हणजे कायद्याचं सगळं लक्ष जमिनीवर आणि आरोग्यावर आहे. दगड केवढा, कुठला, किती वर्षं, हा रोजचा कारभार दफनभूमी चालवणाऱ्यांच्या हातात राहिला : कुठे महापालिका, कुठे ट्रस्ट, कुठे जमात, कुठे चर्च.

आपल्या उपनगरांच्या बाबतीत यात एक गुंता आहे. अंधेरी, घाटकोपर हा भाग महापालिकेच्या हद्दीत आला १९५० मध्ये. बोरिवली, मुलुंड आले १९५७ मध्ये. त्याआधी ही गावं होती. गावाची दफनभूमी गावापुरती असायची. वर्षाला मोजकी दफनं, ऐसपैस जागा, ज्याला परवडेल त्याने दगड बसवावा. कोणाचं काही अडत नव्हतं. मग लोकल गाड्यांनी माणसं आली, चाळी आल्या, कारखाने आले, टॉवर आले. दफनभूमी मात्र तेवढीच राहिली. गावच्या सवयी आणि शहराची गर्दी एकाच कुंपणात आली.

एक साधा हिशोब

हा हिशोब नीट समजून घेऊ, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. समजा, एका कब्रस्तानात हजार कबरींची जागा आहे आणि रोज सरासरी एक दफन होतं. म्हणजे सगळी जागा भरायला हजार दिवस लागतील, पावणेतीन वर्षं. त्यानंतर पहिली कबर पुन्हा उघडायची. तोवर तिथल्या देहाला मातीत मिसळायला पावणेतीन वर्षं मिळाली.

आता यातल्या तीनशे कबरी पक्क्या झाल्या, तर फिरत्या वापराला उरल्या सातशे. म्हणजे प्रत्येक कबरीला तेवीस महिने. सहाशे पक्क्या झाल्या, तर उरल्या चारशे. मग तेरा महिन्यांत कबर उघडावी लागेल. आणि जमीन ओली, चिकणमातीची असेल किंवा पेटी जाड लाकडाची असेल, तर एवढ्या वेळात देह माती होईलच असं नाही. कबर खोदणाऱ्या माणसाला हे रोज बघावं लागतं.

म्हणजे एका घराने प्रेमाने बसवलेला संगमरवर दुसऱ्या कुठल्या तरी घराच्या माणसाच्या विश्रांतीचे दिवस कमी करतो. हे त्या पहिल्या घराच्या मनातही नसतं. पण हिशोब तसाच आहे.

ख्रिश्चन दफनभूम्यांमध्येही हेच गणित आहे. मुंबईतल्या अनेक पॅरिशमध्ये बहुतेकांना कबर ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. मुदत संपली की कबर उघडतात, अस्थी गोळा करून घरच्यांच्या हवाली करतात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कोनाड्याच्या तोंडावर छोटी फरशी असते. त्यावर नाव, दोन तारखा, कधी फोटो. सहा फुटांचा दगड फुटभरावर येतो, पण नाव राहतं. ज्यांना आपण पूर्वी सहज 'कायमची कबर' म्हणायचो, ती चैन आता फार थोड्यांच्या वाट्याला येते.

एक्सरचे दगड : दगड राहिला, नाव गेलं

आता कोणी म्हणेल, 'म्हणून तर दगड हवा. दगड टिकला की माणूस लक्षात राहतो.' याचं उत्तर बोरिवलीतच उभं आहे.

बोरिवली पश्चिमेला एक्सर गाव आहे. तिथे सहा वीरगळ आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही त्यांचं वर्णन आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. ही काही कबर नव्हे, पण काम तेच : गेलेल्या माणसाची खूण. एक्सरच्या वीरगळांवर जमिनीवरची लढाई आहे आणि, जे फार क्वचित दिसतं, समुद्रावरचीही आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, त्यांवरचे योद्धे, आणि वरच्या पट्ट्यांत स्वर्गाला गेलेला वीर. अनेक अभ्यासक हा प्रसंग तेराव्या शतकातला मानतात : उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातला सागरी संघर्ष, साधारण १२६५ च्या सुमाराचा.

पण मंडळी, 'मानतात' हा शब्द महत्त्वाचा. हे वीर कोण होते, कोणाची मुलं, कुठल्या गावचे, हे त्या दगडांवरून कळत नाही. जहाजाची वल्ही मोजता येतात, पण माणसाचं नाव सांगता येत नाही. साडेसातशे वर्षं दगड राहिला आणि नाव हरवलं. जुहूला याच्या नेमकं उलट झालंय. दगड गेला, पण रफींचं नाव कोणी विसरलेलं नाही.

म्हणजे दगड टिकवणं आणि आठवण टिकवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. आपण ती एकच समजतो आणि तिथे गोंधळ होतो.

बाहेर काय करतात?

हा प्रश्न फक्त मुंबईचा नाही. पॅरिसमध्ये १८०४ साली नेपोलियनच्या राजवटीने हुकूम काढला : दफनभूमी गावाबाहेर हवी, प्रत्येक देहाला वेगळा खड्डा हवा, आणि तोच खड्डा पुन्हा वापरायचा तर मध्ये पाच वर्षं जायला हवीत. ज्याला जास्त काळ जागा हवी, त्याने पैसे भरून तसा हक्क घ्यायचा. म्हणजे दगडाची मुदत कागदावर ठरली.

इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने परवान्याशिवाय पुरलेला देह हलवायला बंदी घातली. त्यामुळे तिथल्या दफनभूम्या भरत गेल्या. पुढे १९७७ च्या नियमांनी कबरीच्या हक्काला शंभर वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि २००७ मध्ये लंडनच्या स्थानिक संस्थांना पंचाहत्तर वर्षांहून जुन्या कबरी, ठरलेली प्रक्रिया पाळून, पुन्हा वापरायची मुभा मिळाली. सिंगापूर तर आपल्यासारखंच जागेला महाग. तिथे १९९८ पासून दफनाची मुदत पंधरा वर्षांवर आणली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मुदत आधी सांगितलेली असते. दगड बसवतानाच घरच्यांना माहीत असतं की हा कधीपर्यंत.

आणि कायमचा दगड हवाच असेल तर काय लागतं? पुण्याला खडकीची युद्ध दफनभूमी बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सोळाशेहून जास्त कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे देखभालीची कायमची खात्री देता येत नव्हती, तिथल्या कबरी इथे आणण्यासाठीच ती उभारली गेली. कॉमनवेल्थ युद्ध कबर आयोगाचे नियम कडक आहेत. हुद्द्यानुसार फरक नाही. जनरल असो की शिपाई, दगड सारखाच. घरच्यांना खाली चार शब्द कोरायचे असतील, तर मर्यादा ६६ अक्षरांची. आयोगाचा खर्च सहा देशांची सरकारं उचलतात, त्यात भारतही आहे.

त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. त्यावर अठराशेहून जास्त नावं आहेत. ज्यांच्या मूळ कबरी इतरत्र नागरी आणि कॅन्टोन्मेंट दफनभूम्यांत आहेत, पण नीट सांभाळता येत नाहीत, अशा सैनिकांची ही नावं. सहा सरकारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनेसुद्धा कबूल केलं की प्रत्येक दगड वाचवता येत नाही. तेव्हा त्यांनी नावं उचलली आणि एका ठिकाणी कोरली. आपल्या पॅरिशमधल्या कोनाड्यामागेही हीच युक्ती आहे, फक्त तिथे मोठी संस्था नाही, घरची माणसं आहेत.

खरा प्रश्न दगडाचा की जमिनीचा?

आता परत मुंबईत येऊ. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, महापालिकेने आधी एक परिपत्रक काढलं : धर्म कोणताही असो, कोविडने गेलेल्यांचं दहनच करायचं. विरोध झाला आणि त्याच दिवशी ते बदललं. मग वांद्र्याच्या कब्रस्तानांत कोविड मृतांना दफन करू नये म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि सांगितलं की सन्मानाने दफन होणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे.

गोवंडीचं प्रकरण याहून साधं आणि म्हणून जास्त बोचणारं आहे. पूर्व उपनगरातली ही दाट वस्ती. इथल्या रहिवाशांनी जनहित याचिका केली की कब्रस्तानात जागा उरलेली नाही, नवी द्या. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेला चांगलंच सुनावलं, की दफनासाठी पुरेशी जागा देणं हे तिचं कायदेशीर कर्तव्य आहे. म्हणजे १८८८ च्या कायद्यात जे लिहिलंय तेच, एकशे छत्तीस वर्षांनी पुन्हा सांगावं लागलं.

जुहूच्या दगडांवरून देशभर हळहळ झाली, ती समजण्यासारखी आहे. पण गोवंडीत ज्यांना साधी मातीच मिळत नाही, त्यांच्यासाठी कोण हळहळलं? जमीन वाढली असती, तर मधुबालाचा संगमरवर कदाचित कोणाला अडलाही नसता. दगड आणि दफन यांच्यात भांडण लागतं, कारण दोघांना मिळून जी जमीन हवी ती शहर देत नाही. आणि दोष मात्र येतो ट्रस्टींवर, नाहीतर कबर खोदणाऱ्यावर.

मग काय करता येईल?

एक, मुदत लेखी द्या. दफनाच्या पावतीवरच लिहा की दगड ठेवता येईल की नाही, केवढा, आणि कधीपर्यंत. दुःखात असलेला माणूस त्या वेळी बारीक अक्षरं वाचत नाही, म्हणून ते मोठ्या अक्षरात आणि त्याला कळेल त्या भाषेत हवं.

दोन, काढण्याआधी कळवा. फलकावर यादी, घरच्यांना पत्र किंवा फोन, आणि दगड घेऊन जायला वेळ.

तीन, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं : नोंद. दगड काढण्याआधी त्याचा फोटो, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, कबरीचा क्रमांक आणि नकाशातली जागा. दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपियन दफनभूम्यांसाठी ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये एक संस्था निघाली, बॅक्सा नावाची. सगळे दगड वाचणार नाहीत हे ओळखून तिच्या सभासदांनी दगडांवरचे मजकूर उतरवून घेतले आणि छापले. ते काम आपल्याकडे मोबाइलवर होण्यासारखं आहे.

नोंदीची सवय आपल्याला नवी नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमीच्या रखवालदारावरही मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या वहीत प्रत्येकाचं नाव एकाच आकाराच्या ओळीत बसतं. नटी असो, गायक असो, नाहीतर मुलुंडच्या कारखान्यातला कामगार असो. प्रसिद्ध माणसाची कबर चाहते नारळाच्या झाडावरूनही शोधून काढतील. त्या कामगाराच्या नातवाला मात्र ती वही नसेल तर काहीच हाती लागणार नाही. म्हणून वही नीट ठेवणं, तिला वाळवीपासून आणि पावसाच्या पाण्यापासून जपणं, तिचं स्कॅनिंग करणं, ही खरी देखभाल आहे.

तुमच्या घरातलं कोणी उपनगरातल्या दफनभूमीत विसावलं असेल, तर या आठवड्यात एवढं करा. जुनी पावती शोधा, कबरीचा क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा, आणि दगड असेल तर त्याचा एक स्वच्छ फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा. पुढच्या भागात आपण कोकणातल्या बेने इस्राएल दफनभूम्यांकडे जाणार आहोत, जिथे हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरं कोरलेली आहेत. तोवर नमस्कार.